गाठ

युद्धाआधी मी मुलांच्या मासिकात गोष्टी लिहायचे,
सुखुमीत, समुद्राकडे पाठ केलेल्या एका कचेरीत.
प्रत्येक गोष्टीत बाचो नावाचा मुलगा.
दर महिन्याला त्याला काहीतरी सापडायचं:
पाकीट, किल्ली, कुणाची तरी चुकार बकरी.
दारोदार विचारत फिरायचा
आणि शेवटच्या ओळीत ज्याचं त्याला देऊन टाकायचा.
खोटं बोलला की त्याचे कान लाल व्हायचे.
आमचा चित्रकार वख्तांग
त्या कानांसाठी एक लाल वेगळा राखून ठेवायचा.

आता त्सखाल्तुबोच्या सॅनेटोरियममध्ये खोली दोनशे चौदा.
संधिवाताचे साहेबलोक जिथे गरम झऱ्यात डुंबायला यायचे
तिथे आम्ही.
फुटक्या काचेतून शेगडीचं धुराडं बाहेर काढलंय.
नाचघराची लाकडी फरशी
पहिल्याच हिवाळ्यात फळी-फळीने जाळून झाली.

भाचीची दोन मुलं माझ्याजवळ,
ग्वांत्सा नऊची, ऊचा सातचा.
भाची अजून यायची आहे. तसंच म्हणतो आम्ही.

खाली संगमरवरी जिन्यावर मुलं चौकी-चौकी खेळतात.
काठी आडवी धरून ऊचा विचारतो,
कुठली तू? एक शब्द बोलून दाखव.
उच्चारावरून तो माणसं निवडतो,
तांदळातले खडे निवडावेत तशी.
चुकलेल्यांनी भिंतीकडे तोंड करायचं.
मी चुकले, तर म्हणाला,
आजी, एका लिमलेटच्या गोळीवर सोडतो तुला.
मी त्याचे कान बघितले.
गोरेपान.

मार्चमध्ये कुणी बाई येऊन वह्या वाटून गेल्या.
म्हटलं, बाचोला पुन्हा बोलवावं.
लिहिलं: बर्फात बाचोला एक बूट सापडला.
रात्री वाचून दाखवलं.

ऊचाने विचारलं, किती नंबरचा?
मग, दुसरा शोधला का त्याने? एकाचा काय उपयोग.
ग्वांत्सा म्हणाली, दुसरा पायातच असणार.
ओढावा लागतो. ओला असला तर टाचेकडून.
गणित सांगावं तसं सांगितलं तिने, पेन्सिलीचं टोक चावत.

मी म्हटलं, बाचो तो परत करायला निघतो.
कुणाला?
दोघांनी एकदम विचारलं.
खोडी नव्हती त्यात. खरंच कळलं नव्हतं त्यांना.

इथे थांबून युद्धाला बोल लावता आला असता.
मासिकात तसंच केलं असतं मी.
पण चुबेरीच्या खिंडीत, ऑक्टोबरच्या बर्फात,
रांग सोडून मीच खाली बसले होते.
झाडाला टेकवून ठेवलेला एक मुलगा,
तोंडावर कुणीतरी रुमाल पसरलेला,
रुमालावर बर्फ, आणि तो वितळत नव्हता.
ऊचाच्या पायांना चिंध्या.
मीच म्हटलं, तिकडे बघू नकोस, पाय पुढे कर.
मीच म्हटलं, त्यानेच दिलेत.
माझे कान तेव्हा थंडीने
तसेही लालच होते.

गोष्टीचं पान शेगडीत गेलं. वहीचा कागद चांगला पेटतो.

बूट आता ऊचाला चावतात, बोटं दुमडून घालतो.
डाव्याची नाडी अजून कुणी सोडलेली नाही.
मीही तेव्हा न सोडताच ओढला होता.
दुहेरी गाठ. निघायच्या घाईतसुद्धा
कुणीतरी दोन्ही फासे अगदी सारखे काढलेले.

काल म्हटलं, सोड की रे ती, पाय सुखाने जाईल.
त्याने पाय मागे घेतला.
म्हणाला, सोडली तर
मला तशी बांधता येणार नाही.